मध्ये बोलण्याचा अधिकार

दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली म्हणजे त्यांतल्या एकाने थांबावे, हा शिष्टाचार आपल्याला लहानपणीच शिकवलेला असतो. कोणी थांबावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. ते वयाने ठरते, हुद्द्याने ठरते, आवाजाच्या पट्टीने ठरते, आणि कधी कधी तर नुसत्या निर्लज्जपणानेही ठरते. एकदा ठरले म्हणजे ते कोणीतरी ठरवले होते याचाही आपल्याला विसर पडतो. हा प्रश्न अगदी मुळापासून सोडवण्याची पाळी माझ्यावर उतारवयात आली, आणि तीही एका संगणकामुळे. तत्त्वज्ञानाची गाठ कोठे पडेल याचा नेम नसतो, हेच खरे.

काचबिंदूने माझी दृष्टी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. ब्रेल शिकण्याचा मी प्रयत्न केला. पण चाळीस वर्षे खडू धरलेल्या बोटांना ते ठिपके काही सांगेनात. तेव्हा मी कानांवर आलो. संगणकावर एक वाचणारा प्रोग्राम असतो. पडद्यावर काय आहे, बोट कोणत्या कळीवर पडले, कोणती ओळ पुढे आली, हे तो शोधून काढतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. परंतु हा वाचक स्वतः मुका असतो. त्याने शोधलेली अक्षरे उच्चारून दाखवणारा प्रोग्राम वेगळा. माझ्याकडे तो ई-स्पीक आहे. जोनाथन डडिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९९५ च्या सुमारास एकोर्न संगणकांसाठी त्याची सुरुवात केली, आणि २०१५ पासून त्याची पुढची पिढी अनेकांच्या हातांनी वाढते आहे. तो मराठी बोलतो, पण पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतला ‘ज’ वेगळा आहे, हे त्याला कळत नाही. काही अंकांच्या जुन्या फाँटातल्या प्रती वाचायला दिल्या तर तो रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अशी काही लाखोली वाहतो, की संपादकांनी ती एकदा ऐकावीच. तरीही त्याच्या आवाजाची मला इतकी सवय झाली आहे की स्वप्नातही मला कोणी वाचून दाखवले, तर ते याच आवाजात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे: वाचक म्हणजे डोळा, ई-स्पीक म्हणजे कंठ, आणि डोळे दोन असले तरी कंठ एकच.

डोळे दोन कसे झाले ते सांगतो. खालापूर तालुक्यात चौकजवळच्या एका गावाची एक मुलगी परीक्षेसाठी मराठी शिकायला माझ्याकडे कर्जतला येऊ लागली. ती जन्मांध. मी तिला व्याकरण शिकवले आणि तिने मला संगणक शिकवला. व्यवहारात फायदा माझाच अधिक झाला. ती प्रोग्राम लिहिते. त्यासाठी तिला चित्राबित्रांचा पडदा नको असतो, नुसत्या अक्षरांचा काळा पडदा हवा असतो, आणि त्या पडद्यावर तिचा वाचक स्पीकअप. कॅनडातल्या कर्क राइझर यांनी सुरू केलेला हा प्रोग्राम थेट संगणकाच्या गाभ्यात बसतो. माझा वाचक ऑर्का. तो खिडक्या, पत्रे, वर्तमानपत्रे यांच्या जगात वावरतो. यंत्र एकच, माझ्या मेजावरचे. मी पत्र वाचता वाचता चहाला उठावे आणि तिने दोन कळा दाबून आपल्या काळ्या पडद्यावर जावे, असे आमचे चाले. दोघांचेही वाचक बोलत ते ई-स्पीकच्याच कंठाने. तिचा वेग इतका की मला तो सुरीखाली कांदा चिरल्यासारखा ऐकू येई. माझा वेग ऐकून तिला झोप येत असे, असे ती प्रामाणिकपणे सांगे.

पहिला अनुभव आला तो शुद्ध मौनाचा. ती काम करून गेली आणि मी खुर्चीवर बसलो. कळ दाबली, काही नाही. दुसरी दाबली, काही नाही. यंत्र चालू आहे हे त्याच्या पंख्यावरून कळत होते. पण आंधळ्याचा वाचक मुका झाला म्हणजे डोळसाच्या लेखी घरातले सगळे दिवे एकदम जाण्यासारखे असते, आणि मेणबत्ती कोठे आहे हे विचारायचे तेही त्याच वाचकाला. मागाहून कळले ते असे: आवाजाचे यंत्र ज्याने आधी उघडले, त्याच्या हाती ते राहते. तिचा स्पीकअप काही बोलत नव्हता. पण त्याने कंठ धरून ठेवला होता.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. पळसदरीहून खोपोलीला जाणारा फाटा एकेरी आहे. मुंबईहून येणारी आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत पोचली तेव्हा तेच तिचे शेवटचे स्टेशन होते. १८६३ साली बोरघाट फुटला आणि मोठा मार्ग कर्जतवरून वर गेला. खोपोली बाजूला पडली, ती पडलीच. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या काळी एक फार सुंदर युक्ती होती. दोन स्टेशनांत विजेने जोडलेली दोन यंत्रे असत, आणि त्या दोन्ही यंत्रांतून मिळून एका वेळी एकच धातूचा गोळा बाहेर निघे. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचा मार्ग. गोळा नसेल तर पुढे पाऊल टाकायचे नाही. या व्यवस्थेत कोण मोठा, कोण लहान हा प्रश्नच उद्भवत नाही. मालगाडीच्या हातात गोळा असेल तर राजधानीनेही थांबावे. मला ही समता फार आवडते. परंतु गोळा खिशात घालून ड्रायव्हर झाडाखाली झोपी गेला तर काय करायचे, याला या समतेपाशी उत्तर नाही. माझ्या मेजावर तेच झाले होते. सभांमधून असे अध्यक्ष मी पुष्कळ पाहिले आहेत. ते बोलत नाहीत, पण ध्वनिक्षेपकही सोडीत नाहीत.

मग तिने दुसरी सोय केली. आता कोणीही कंठ अडवू शकत नव्हते. जो जो बोलेल त्याचा त्याचा आवाज एकत्र मिसळून बाहेर येई. ऐकायला हे उदार वाटते. कोणाचे तोंड बंद करायचे नाही, सर्वांना मुभा. त्या दिवशी दुपारी मी वर्तमानपत्राचा अग्रलेख ऐकत होतो आणि तिच्या पडद्यावर एक लांबलचक काम चालू होते. दोन्ही आवाज एकदम सुरू झाले. तेही दोन माणसांचे दोन आवाज असते तर काही आशा होती. पण कंठ तोच. म्हणजे एकच माणूस एकाच वेळी दोन वाक्ये बोलत होता! कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली नेमका हा प्रयोग करून पाहिला होता. एकाच माणसाच्या आवाजातले दोन मजकूर एकत्र मिसळून त्याने लोकांना ऐकवले. ते वेगळे काढताना ऐकणाऱ्यांची दमछाक झाली, पुनःपुन्हा ऐकावे लागले. तेच दोन मजकूर दोन वेगळ्या कानांत सोडले तेव्हा मात्र हवा तो निवडणे सोपे गेले. माझे दोन्ही कान एकाच पेटीसमोर होते. अर्थात मला अग्रलेखही कळला नाही आणि तिचे कामही.

येथे प्रथम माझ्या ध्यानात आले की भाषणस्वातंत्र्याचा विचार आपण नेहमी बोलणाऱ्याच्या बाजूने करतो. प्रत्येकाला बोलू दिले की न्याय झाला, असे आपल्याला वाटते. पण बोलणे जर ऐकण्यासाठी असेल, तर सगळ्यांना एकदम बोलू देणे म्हणजे सगळ्यांना एकदम गप्प करणे होय. फरक इतकाच की गप्प केलेल्या माणसाला आपण गप्प झालो हे निदान कळते. गणपतीच्या दिवसांत दोन मंडपांतले कर्णे एकमेकांकडे तोंड करून लावलेले असतात, तेव्हा प्रत्येक मंडळाला आपले गाणे गावभर पोचले असे मनापासून वाटत असते. मधल्या घरात राहणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

तिसरा मार्ग त्यागाचा. तो मला खिडक्यांच्या त्या दुसऱ्या जगात, म्हणजे विंडोजवर भेटला. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघा अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून उभा केलेला एन.व्ही.डी.ए. हा वाचक फुकट मिळतो. त्यात निद्रेची सोय आहे. एखादा प्रोग्राम स्वतःच बोलणारा असला, तर त्याच्या खिडकीत शिरल्यावर वाचकाला झोपवता येते. तेथून बाहेर पडलो की तो जागा. आणि या वाचकाची एक प्रत चालू असताना दुसरी सुरू केली, तर पहिली निमूटपणे निघून जाते. नव्याने आलेल्यासाठी जुन्याने जागा सोडावी! वानप्रस्थाश्रमाचा असा कडक अंमल आपल्या शास्त्रकारांनाही साधला नाही. परंतु त्यागावर संसार चालत नाही. आम्हा दोघांना दोन्ही वाचक जागे हवे होते.

शेवटी तिने मध्यस्थ नेमला. त्याचे नाव स्पीच डिस्पॅचर. झेकियातल्या ब्रेलकॉम या संस्थेने तो अंधांसाठीच तयार केला. आता कोणताही वाचक थेट कंठापाशी जात नाही. आपला मजकूर तो या मध्यस्थाच्या हवाली करतो, आणि केव्हा, कोणाचे, किती बोलायचे हे मध्यस्थ ठरवतो. प्रत्येकाचा वेग आणि प्रत्येकाची पट्टी तो वेगवेगळी लक्षात ठेवतो, त्यामुळे तिचा कांदा आणि माझी झोप आपापल्या जागी राहिली. हे सगळे ठीकच. पण मला मोह पडला तो त्याच्या न्यायपद्धतीचा. तिने मला ती समजावून सांगितली तेव्हा रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

मध्यस्थाकडे येणाऱ्या प्रत्येक मजकुरावर एक दर्जा लिहिलेला असतो. दर्जे पाच. पहिला ‘महत्त्वाचा’. हा आला की चालू असलेले बोलणे तोडून तो बोलला जातो. त्याला कोणी तोडू शकत नाही. आणि असे अनेक आले तर ते आल्या क्रमाने रांगेत उभे राहतात, एकही गळत नाही. दुसरा ‘संदेश’. तो पहिल्यासाठी थांबतो, आपल्या जातभाईला तोडत नाही, पण खालच्यांना बाजूला सारतो. तिसरा ‘मजकूर’. याचे वैशिष्ट्य असे की तो स्वतःलाच तोडतो; नवी ओळ आली की जुनी रद्द. हे पहिल्यांदा विचित्र वाटते, पण भराभर खाली जाणाऱ्या माणसाला मागे पडलेल्या ओळी ऐकायच्या नसतात. चौथा ‘सूचना’. दुसरे कोणी बोलत नसेल तरच हिने बोलावे. कोणी बोलत असेल, तर हिने थांबायचे नाही, रांगेत उभे राहायचे नाही, नाहीसे व्हायचे. पाचवा ‘प्रगती’, म्हणजे इतके टक्के झाले, तितके टक्के झाले असे सांगत राहणारा. तोही सूचनेसारखाच गरीब. पण त्याला एक सवलत आहे. मधले सगळे टक्के गळाले तरी चालतील, शेवटचे वाक्य मात्र बोललेच गेले पाहिजे. काम झाले, एवढे तरी ऐकणाऱ्याला कळावे.

या शेवटच्या सवलतीमागे केवढे मनुष्यज्ञान आहे! माझी आजी असेच करीत असे. दिवसभर ती काय काय सांगे ते कोणी ऐकत नसे; पण रात्री ‘दार लावलं गं’ हे तिचे वाक्य सगळ्या घराला ऐकू गेल्याशिवाय ती आडवी होत नसे.

आपल्याकडे वर्ण चार होते, येथे पाच आहेत, असे मी तिला थट्टेने म्हणालो. ती म्हणाली, “सर, पण इथे कोणाचा दर्जा काय ते जन्मावर नाही. ज्याचं त्यानं सांगायचं.” मी हसायचा थांबलो. “म्हणजे?” “म्हणजे मजकूर पाठवणारा प्रोग्रामच सांगतो, माझा दर्जा अमुक. डिस्पॅचर त्यावर विश्वास ठेवतो.” “आणि एखाद्याने खोटे सांगितले तर? सगळेच ‘महत्त्वाचे’ म्हणून पाठवले तर?” “तर तो प्रोग्राम लोक काढून टाकतात,” ती म्हणाली.

एवढी चोख व्यवस्था, पण तिचा पाया असा. मध्यस्थ न्यायी आहे, निःपक्षपाती आहे, रात्रंदिवस जागा आहे. परंतु तो कोणाचीही साक्ष तपासून पाहत नाही. मजकुराचा अर्थ त्याला कळत नाही. जो आपल्याला मोठा म्हणवतो तो त्याच्या लेखी मोठा, आणि जो आपल्याला लहान म्हणवतो तो लहान. कर्जतहून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जास्तीची एंजिने जोडतात, कारण सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ एकट्या एंजिनाच्या आवाक्याबाहेरचा असतो. पुढच्या ड्रायव्हरची शिट्टी आणि मागच्याची शिट्टी यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. पण तेथे पुढचा पुढे आहे हे रूळच सांगतात. कोणी पुढचा असल्याची बतावणी करू शकत नाही. बोलण्याला असे रूळ नाहीत. पत्रावर ‘अर्जंट’ लिहायला पैसे पडत नाहीत.

मी हे सगळे कौतुकाने ऐकले आणि कौतुकानेच वापरू लागलो. आणि येथे मला दादाविषयी सांगितले पाहिजे.

दादा खोपोलीला राहतो. आगगाडीने पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली, इतक्याच अंतरावर. पण दोघांची वये झाली, माझे डोळे गेले, आणि जाणे-येणे वर्षातून चार-पाच वेळांवर आले. दादा मुळातला पत्रे लिहिणारा माणूस. फोनवर त्याला बोलता येत नाही. हवापाणी विचारून झाले की तो “बरं, ठेवतो” म्हणे. नातवाने त्याला संगणकावर पत्र पाठवायला शिकवले तेव्हा त्याने सरकारमान्य इन्स्क्रिप्टचा कळफलक मन लावून पाठ केला, आणि आठवड्याला एक पत्र येऊ लागले. विषयाच्या रकान्यात काय लिहायचे ते त्याला कळेना, म्हणून तो तेथे मायना लिही. ‘चि. बाळ यास अ. आ.’ माझा ई-स्पीक ते ‘अ आ’ असे बालवाडीतल्या पोरासारखे वाची आणि मला दर वेळी हसू येई. आत काय असे? पाऊस किती झाला. पाताळगंगेचे पाणी. अंगणातल्या आंब्याला मोहोर आला की नाही.

नवे पत्र आले की पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय बोलून दाखवणारा एक लहानसा प्रोग्राम माझ्या विद्यार्थिनीने मला लिहून दिला होता. त्याला कोणता दर्जा द्यावा असे तिने विचारले. मी सांगितले, “मी वाचत असताना मध्ये कोणी बोललेले मला चालत नाही.” चाळीस वर्षे वर्गात हेच सांगत आलो होतो. तिने ‘सूचना’ हा दर्जा दिला. ज्या मुलीला दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचे नाही असे वळण लागलेले आहे, तिने दुसरे काय करावे?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्री नवाच्या सुमारास दादाचे पत्र आले. मी तेव्हा एका ग्रंथाचे परीक्षण ऐकत होतो. ग्रंथ मी वाचलेला नव्हता आणि वाचणारही नव्हतो. परीक्षण लांब होते. पत्राची सूचना मध्यस्थाकडे आली, कंठ गुंतलेला होता, सूचना नाहीशी झाली. पहाटे पुतण्याचा फोन आला की दादाला अर्धांगाचा झटका आला आहे, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुपारी परत आल्यावर मी संगणक उघडला तेव्हा पत्र तेथे होते. मायन्यानंतर तीन वाक्ये. एक गोष्ट बोलायची राहून गेली आहे. पत्रात लिहिण्यासारखी नाही. सवडीने ये.

मी त्या रात्री गेलो असतो काय? गेलो असतो, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण पाऊस धो धो होता, मला सोबत लागते, आणि पत्रात स्वच्छ ‘सवडीने’ असे म्हटले होते. बहुधा मी रविवार धरला असता. निदान फोन केला असता. आणि दादा “बरं, ठेवतो” म्हणाला असता. म्हणजे त्या नाहीशा झालेल्या सूचनेने प्रत्यक्षात काय हिरावले हे मला आजही सांगता येत नाही. हिशोब लागत नाही, आणि म्हणूनच तो मिटत नाही.

माझ्या विद्यार्थिनीला हे कळले तेव्हा ती रडली. दोष आपला, असे तिने धरून ठेवले. मी तिला परोपरीने सांगितले की नियम माझा होता, तिने फक्त तो यंत्राला समजेल अशा भाषेत लिहिला. तिला ते पटले नाही. तिने त्याच दिवशी दर्जा बदलून ‘महत्त्वाचा’ केला. चार दिवसांत आम्ही दोघेही हैराण झालो. बँकेची जाहिरात, चष्म्याच्या दुकानाची सवलत (मला!), कोणाचा तरी सुप्रभात, सगळे माझे वाक्य तोडून बोलू लागले, आणि एकदा बोलू लागले की नियमाप्रमाणे त्यांना कोणी तोडू शकत नव्हते. मग ती म्हणाली, “सर, तुम्ही एक यादी द्या. ज्यांनी मध्ये बोललं तरी चालेल अशा माणसांची.”

मी यादी करायला बसलो. वाचकांनी हा उद्योग एकदा करून पाहावा. आपल्याला कोणी तोडलेले चालेल? मी प्रामाणिकपणे नावे घालू लागलो. ती झटक्याच्या आधी मागितली असती तर काय घातली असती, असाही विचार केला. पुतण्या, डॉक्टर, पेन्शनचे कार्यालय, ही मुलगी, दोन-तीन मित्र. दादाचे नाव मी घातले नसते. त्याच्याशी भांडण होते म्हणून नव्हे. तो पावसाविषयी लिही, म्हणून. त्याचे पत्र उद्या वाचले तरी चालते अशी सवय त्यानेच मला लावली होती, आणि ती लावून घेणे मला सोयीचे होते. यंत्राने त्या रात्री जे केले ते माझ्या मनातल्या दर्जाला धरूनच केले.

आणि दादाने स्वतः काय केले होते? ‘सवडीने’ हा शब्द काय आहे? आयुष्यभर त्याने आपल्या प्रत्येक बोलण्यावर स्वतःच्या हाताने ‘सूचना’ असे लिहिले. दुसरे कोणी बोलत नसेल तर माझे ऐका. आमच्या घरात मोठ्याने बोलणारे पुष्कळ होते, मी त्यांतला एक. त्यामुळे त्याची पाळी फारशी आली नाही. नम्रता हा गुण आहे असे आपण म्हणतो, आणि मुलांना तो शिकवतो. परंतु जेथे प्रत्येकाचा दर्जा ज्याचा त्याने सांगायचा असतो, तेथे नम्र माणसाचे बोलणे ऐकले जाईल याची जबाबदारी कोणाची? मध्यस्थाची म्हणावी तर तो अर्थ जाणत नाही. बोलणाऱ्याची म्हणावी तर त्याला नम्रता सोडायला सांगितल्यासारखे होते. उरतो ऐकणारा. पण ऐकणाऱ्याने न बोललेले कसे ऐकावे? मी या प्रश्नापाशी पुष्कळ वेळा येऊन थांबलो आहे. मला एवढेच वाटते की रद्द करणे आणि मागे ठेवणे यांत फरक आहे, आणि सूचनेला ज्यांनी रद्द होण्याचा दर्जा दिला त्यांनी वाऱ्यापावसाच्या सूचना डोळ्यांसमोर ठेवल्या असाव्यात, माणसांच्या नव्हेत. आता माझ्याकडे ती बदलली आहे. मी वाचत असताना कोणी बोलत नाही. वाचन संपले की कंठ सांगतो, ‘तीन निरोप मागे राहिले आहेत,’ आणि मग ते आल्या क्रमाने सांगतो. त्यांत चष्म्याचे दुकानही असते. मी ऐकतो.

दादा घरी आल्यावर मी अधिक वेळा खोपोलीला जाऊ लागलो. आमची मोठी चमत्कारिक गाठ पडली होती. त्याला बोलता येत नव्हते आणि त्याचे हातवारे, चेहरा मला दिसत नव्हता. मी त्याचा हात धरून बसे. वहिनी सांगत, “ते काहीतरी म्हणतायत, भाऊजी.” काय म्हणतोय, ते त्यांनाही कळत नसे. एकदा माझी विद्यार्थिनी बरोबर आली आणि येताना आपला लहान संगणक घेऊन आली. दादाचा डावा हात तिने कळफलकावर ठेवला. झटक्याने शब्दच गेलेले असतात, लिहिणेही बोलण्याबरोबर जाऊ शकते, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते. तरी तिला करून पाहायचे होते.

दादाने कळा दाबायला सुरुवात केली. संगणक अर्धवट बोलू लागला. तो भराभर दाबत होता आणि प्रत्येक नवी कळ आधीचीला तोडत होती. शेवटची तेवढी ऐकू येई. “थांबा,” ती म्हणाली, आणि तिने काहीतरी लिहिले. तिने प्रत्येक कळीला ‘महत्त्वाचा’ हा दर्जा दिला होता. आता एकही अक्षर गळणार नव्हते, कोणी कोणाला तोडणार नव्हते.

इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर व्यंजने बहुतेक उजव्या हाताखाली असतात आणि स्वर डाव्या. दादाचा उजवा हात उशीवर पडून होता. त्याने पुष्कळ वेळ टाइप केले. मग तो थकला आणि त्याने हात माझ्या हातावर ठेवला, पण रांगेत अजून बरेच उरले होते, आणि कंठ ते एकेक करून सांगत राहिला: काना, वेलांटी, मात्रा, उकार, काना, न, मात्रा, काना. वहिनींनी बाहेरचा रेडिओ बंद केला. आम्ही शेवटपर्यंत ऐकले.